हिरवे चौकोन हलत नाहीत

४ फेब्रुवारी

सापडत नाही! दादाच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइली उघडून झाल्या. पहिला, दुसरा, चौथा भाग कागदावर व्यवस्थित. तिसरा नाहीच. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी मला म्हणाला होता, "तिसरा भाग मशीनमध्ये आहे." अरे, पण कुठल्या कोपऱ्यात? महिनाअखेरीस कार्यक्रम. आम्हा चौघा वादकांसाठी रचलेली त्याची शेवटची रचना, आणि मधोमध हे भलंमोठं भोक.

वहिनीला विचारलं. "मला काय त्यातलं कळतंय," म्हणाली आणि चहा टाकायला उठली. दादा जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याचा कप अजून तसाच खुंटीला.

चिडून व्हायोलाचा स्टँड पुसत बसले. दादाने गेल्या वर्षी चौघांच्या स्टँडवर रंगीत गोल स्टिकर चिकटवले — अदलाबदल होते म्हणून असणार. माझा हिरवा. अर्धा निघालाय, नखाला गोंद.

९ फेब्रुवारी

आज कहर झाला! दादाच्या खोलीत तालीम. पडद्यावर एकच चिन्ह उरलं होतं, चेलोवाल्याने ते सहज दाबलं. डिस्क आवरायचा तो जुना प्रोग्राम निघाला — आता कोणी वापरत नाही. पडदाभर बारीक रंगीत चौकोन. फाइलींचे विखुरलेले तुकडे एकेक उचलायचे, जागेवर बसवायचे, बसला की राखाडी. लहानपणी मी आणि दादा हे तासन्‌तास बघायचो, सिनेमा असल्यासारखं.

"हेच वाजवू या," चेलोवाला म्हणाला. "तिसरा भाग म्हणून. एकेकाने एकेक रंग. चौकोन वर तर वरचा सूर, खाली तर खालचा. राखाडी झाला की गप्प."

पहिलीने — म्हणजे आमचं पहिलं व्हायोलिन, आणि सगळ्याच बाबतीत पहिली — आधी नाक मुरडलं, मग लाल रंग पटकावला. दुसऱ्या व्हायोलिनवाल्याला पिवळा, मला निळा. हिरवे जागचे हलतच नव्हते, ते चेलोवाल्याच्या गळ्यात. "मला काय खांब समजलात?"

आणि वाजलं की! काय वाजलं! लाल धावत होते, माझे निळे मागून टपटप खाली. मग पहिली आणि दुसरा एका सुरावरून भांडले, आम्ही थांबलो, पडदा काही थांबला नाही. भांडण मिटलं तेव्हा सगळं राखाडी झालं होतं. रेकॉर्डिंग नाही. पहिलीच्या नियमाप्रमाणे फोन बाहेर पिशवीत.

"उद्या नीट करू." उद्या!

१० फेब्रुवारी

प्रोग्राम पुन्हा लावला. क्षणात पाटी — सर्व काही जागेवर आहे.

आवरलेलं घर पुन्हा काय आवरणार! कोपऱ्यात हिरवे तेवढे तसेच. चेलोवाल्याने एक सूर धरला, कंटाळून सोडला.

"परत पसरवता येईल ना?" पहिली.

"कसं पसरलं होतं ते आठवतंय का कुणाला?"

कुणालाच नाही.

१७ फेब्रुवारी

घाईत लिहितेय, अक्षर लागलं तर नशीब.

दादाच्या खोलीत स्टँड घडी करून रांगेत लावत होते. लाल, पिवळा, निळा, हिरवा. समोर त्या कॉम्प्युटरचा पडदा, तळाशी कुठला रंग कशाचा ते सांगणारी पट्टी. लाल, पिवळा, निळा, हिरवा. मी माझा स्टँड उचलून पडद्याला भिडवून पाहिला.

तोच तिसरा भाग होता! तोच! आमच्या हातात आला होता. रंग चुकीचे घेऊन वाजवला, मधे भांडलो, आणि संपवून टाकला. स्टिकर वर्षभर नाकासमोर, आणि मी त्याचा गोंद खरवडत बसलेली. दादा, मी काय केलं हे!

घरी येऊन वहिनीला फोन केला. रडतच सांगितलं. ती म्हणाली, "एवढा उशीर लागला तुम्हाला?" आणि ठेवलाच फोन. तिचा राग बरोबरच आहे.

१८ फेब्रुवारी

व्हायोलाची पेटी उघडलीच नाही.

२२ फेब्रुवारी

पहिली घरी आली. चक्क माफी मागायला. तिला असं बघायची सवय नाही, मलाच अवघडलं. ठरलं — तिसरा भाग गाळायचा नाही. आता जे दिसतंय तेच वाजवायचं, या वेळी आपापल्या रंगाने. हिरवा माझा.

२८ फेब्रुवारी

कार्यक्रम झाला. तिसऱ्या भागाला दिवे मंद, मंचावर दादाचा कॉम्प्युटर. राखाडी पडदा. नियमाप्रमाणे तिघं गप्प. हिरवे चौकोन जागच्या जागी, म्हणून मी एकच सूर धरला. गज संपला की परतवायचा, सूर तोच. थांबायचं कधी ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. रडू आलं नाही. वाजवायचंच इतकं होतं.

१ मार्च

वहिनी आत्ता सांगून गेली. दादाने तिला बजावलं होतं — "आधी बोलू नकोस, नाहीतर ती भाव आणून वाजवेल." आणि हेही — "बाकीचे रंग चौघं तालमीतच संपवतील. तालीम केल्याशिवाय राहतात का हे! कार्यक्रमाला हिरवं तेवढं उरेल. ते तिचं."