चार गाड्या एकदम

नंदुरबार,
शुक्रवार, दुपार

प्रिय भूपेंद्र,

हे पाकीट रुचिकाने तुझ्या हातात दिलं असेल आणि तू तिला पहिलं हेच विचारलं असशील, की जुबेरचं पत्र तुझ्याकडे कसं? तिला रागावू नकोस, कसं ते पुढे सांगतो. चार महिने झाले, तुझा फोन नाही, माझाही नाही. मी फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला अडखळलो असतो, म्हणून कागद घेतला. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा गॅसचा सिलिंडर बंद आहे का ते पाहून आलो, एकदा काही काम नसताना रिक्षात बसून स्टेशनपर्यंत जाऊन आलो. तुझी भाभी रशिदा म्हणाली, "पाव को भिंगरी लगी क्या तुम्हारे?" बरेच दिवस हे असंच चाललंय. वेल्डिंग करताना हात स्थिर असतो. मशीन बंद केली की मला एका जागी बसवत नाही.

आधी दुकानातलं सांगतो, म्हणजे तुला बरं वाटेल. टीव्हीवर मोटारींची रेस असली की रविवारी संध्याकाळी मंडळी अजून जमतात. यंदाच्या नव्या गाड्या आल्यापासून तर रेस कमी आणि भांडण जास्त. आपला घड्याळवाला नवलसिंग म्हणतो, निम्मी ताकद बॅटरीची झाली तिथे मर्दानी काय राहिलं. सरळ रस्ता समोर असताना ड्रायव्हर चार्जिंग वाचवतोय, म्हणजे तो आपल्या ई-रिक्षावाल्यासारखाच झाला की. शनिवारी छोटी रेस ठेवतात तीही त्याला पटत नाही. ऐन जेवणाआधी चिवडा खायला घालून भूक मारण्याचा प्रकार आहे, म्हणतो. त्याला उत्तर द्यायला एकच माणूस आहे, ती म्हणजे तुझी पोर रुचिका. हो, ती येते. मार्चपासून येते. गाडी लहान झाली, हलकी झाली, वारा कापायचे पंख उघडतात-मिटतात, पायापेक्षा डोकं जास्त चालवावं लागतं, यात वाईट काय, असं ती नवलसिंगला विचारते आणि तो स्टॉपवॉच खिशात घालून चहा मागवतो. अशा वेळी सगळे दाराकडे बघतात. तू असतास तर नियमाचा आकडा तोंडपाठ सांगून वाद मिटवला असतास, हे प्रत्येकाच्या मनात येतं.

आपण दोघं सातवीत असल्यापासून हेच करत आलो. तुमच्या कोरीटला तेव्हा केबल नव्हती, म्हणून तू रविवारी आमच्याकडे राहायचास. अब्बा कुलरचे पत्रे ठोकत बसलेले आणि आपण आवाज वाढव, कमी कर करत टीव्हीला चिकटलेले. तुला गाडी का जिंकली यात रस, मला ती कशी बांधलीय यात. बारा वर्षांपूर्वी तुमच्या शेतामागच्या माळावर चुना टाकून आपण पहिली शर्यत घेतली, सव्वीस जानेवारीला. सात जुन्या गाड्या, एका वेळी एकच गाडी, आणि नवलसिंगच्या हातात घड्याळ. त्या दिवशी तू माझ्या गळ्यात पडून रडला होतास, हे कमिटीतल्या नव्या पोरांना मी अजून सांगितलेलं नाही.

मागच्या दिवाळीनंतरची तुझ्या अंगणातली बैठक मला शब्दन् शब्द आठवते. तूही विसरला नसशील. पोरांना चार गाड्या एकदम सोडायच्या होत्या. तू म्हणालास, घड्याळाशी शर्यत लावली तर घड्याळ आडवं येत नाही. मी म्हणालो, तिसरी गाडी झाली की लोक घरी जातात, आपण कोणासाठी चुना टाकतोय? मतं सारखी पडली आणि शेवटचं मत माझं होतं. मी चार गाड्यांच्या बाजूने हात वर केला. तू चिडला नाहीस. वही काढलीस आणि म्हणालास, ठीक, मग प्रत्येक गाडीत केज, ड्रायव्हरभोवती पाइपांचा पिंजरा, आणि केजचा पाइप अडीच एमएम जाडीचा, त्याखाली चालणार नाही. मी म्हणालो, मारुती आठशेचं वजन ते किती, तिला दीड एमएम पुष्कळ झाला, अडीच घातलास तर वळणावर ती म्हशीसारखी चालेल. तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "जुबेर, तू खिडक्यांना जाळ्या कर. त्या उलटत नई." सगळे हसले. मीही हसलो. तुझा नियम पास झाला आणि प्रत्येक गाडीची केज तपासून सही करायचं काम माझ्याकडे आलं, कारण जाडी मोजायचा व्हर्निअर माझ्याकडे आणि लोखंडाची माहितीही मलाच.

यंदाच्या शर्यतीचा दिवस तू पाहिलास, पण तू सुरुवातीच्या रेषेपाशी होतास आणि मी बाभळीच्या वळणावर, त्यामुळे जे मला दिसलं ते तुला दिसलं नाही. दुसरी फेरी. रुचिका दुसऱ्या नंबरवर आणि तिच्या मागे आमशा. त्याला अक्कलकुव्याहून मीच बोलावलं होतं. तो मोलगीच्या घाटात प्रवासी जीप चालवायचा. तिथे जो रोज चालवतो त्याला आपला माळ म्हणजे अंगण. तो आतून आला. जागा होती, मी डोळ्यांनी पाहिली. रुचिका थोडी आत वळली, त्याचं पुढचं चाक तिच्या मागच्या दाराला लागलं, तिची गाडी बांधावर चढली आणि उजव्या कुशीवर पडली. एवढंच. एक पलटीसुद्धा पूर्ण झाली नाही. लोकांनी नंतर तीन पलट्या सांगितल्या, पण मी दहा पावलांवर होतो. पहिला धावत पोचला तो आमशा. फुटक्या काचेतून हात घालून त्याने तिचा पट्टा सोडवला, तेव्हा त्याचेही दोन्ही हात कापले होते. ते कोणी लिहून ठेवलं नाही.

सुरतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, कोपर चिरडलाय, प्लेट घालू, पण हात पूर्वीसारखा सरळ होणार नाही. तू व्हरांड्यात माझ्यासमोर आलास आणि हळूच म्हणालास, "तुन्हा नियममुये मन्ही पोरना हात गया." तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. चार गाड्यांचा नियम माझ्या मताने झाला होता, तेव्हा दोष माझा, असं तू समजलास, गावही समजलं. मी तो दोष घेतला. भूपेंद्र, खरं सांगतो, तो मी आनंदाने घेतला. का, ते अजून थोडं थांब.

उरलेला दोष आमशावर गेला. डोंगरातून आलेला माणूस, त्याच्या बाजूने बोलायला इथे कोण? पंधरा दिवसांत त्याच्या जीपमालकाने चावी काढून घेतली. ज्याने मुलीची गाडी उलटवली त्याच्या हाती माणसं कशी देऊ, म्हणाला. फेब्रुवारीत मी मिरची बाजारात गेलो होतो, तर तो हमालीला लागलेला. तोंडाला फडकं, डोळे लाल, पाठीवर पोतं. मला वाटलं तोंड फिरवेल. त्याने पोतं खाली टाकलं, फडकं सोडलं आणि विचारलं, "ताईचा हात कसाय?" मी म्हणालो, बरा आहे. तो म्हणाला, "मी ब्रेक मारला होता, दादा. पण कोणाला सांगू?" मी त्याला चहाला चल म्हणालो नाही. काम आहे म्हणून निघून आलो. त्या दिवसापासून मला मिरचीचा वास आला तरी उठून चालावंसं वाटतं, आणि या गावात मिरचीचा वास कुठे येत नाही?

रुचिका पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मला वाटलं, भांडायला आली. ती म्हणाली, घरी बाबा टीव्ही लावू देत नाहीत, इथे बघू का? उजवा हात पोटाशी धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. आता डाव्या हाताने लिहायला शिकतेय. अक्षर अजून पहिलीतल्या पोरासारखं आहे, पण त्याच हाताने नवलसिंगशी भांडायला नव्या नियमांची टिपणं काढून आणते. ती आमशाला एकदाही दोष देत नाही. मागच्या रविवारी रेस संपली, बाकीचे बॅटरीवरून भांडत बाहेर गेले आणि ती मागे राहिली. म्हणाली, "चाचा, धक्का इतला मोठा नई व्हता. मंग केज कशी काय दबनी?" मी म्हणालो, बेटा, वेग फार होता. वेग किती होता हे तिच्याइतकं कोणाला माहीत? मग ती "बरं" म्हणाली आणि चप्पल घालून गेली. त्या "बरं"नंतर मी या दुकानात शांत बसलेलो नाही.

परवा, बुधवारी, नवलसिंग आला. रविवारच्या बैठकीत दोन ठराव आहेत, हे तुला माहीतच आहे, त्यातला पहिला तूच मांडलायस. चार गाड्यांचा प्रकार कायमचा बंद, आणि आमशाला पुन्हा कधी माळावर पाय ठेवू द्यायचा नाही. नवलसिंगला माझ्याकडून दोन ओळी हव्या होत्या, की रुचिकाच्या गाडीची केज नियमाप्रमाणे होती, मी स्वतः तपासली होती. तो म्हणाला, तेवढं लिहून दे म्हणजे प्रकरण मिटलं. मी कागद पुढे ओढला, तारीख घातली आणि पुढे पेन चालेना. भूपेंद्र, केज नियमाप्रमाणे नव्हती. ती मीच बांधली होती आणि दारावरचे दोन आडवे पाइप दीड एमएमचे होते. पाइप संपला म्हणून नाही, चुकून नाही. अडीचचा पाइप माझ्या दुकानात उभा होता. तुझी पोर हलक्या गाडीत जिंकली असती, तर त्याच अंगणात, त्याच लोकांसमोर तुला सांगायचं होतं, की बघ, जाळ्या करणारा बरोबर होता. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तपासणीच्या कागदावर माझीच सही आहे. ते पाइप आत वाकले आणि त्यांनी तिचा कोपर दाबला. दुसऱ्या दिवशी मी गाडी दुकानात आणून केज कापली, तुकडे भंगारात दिले, आणि तू नियमाला दोष देत होतास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. काल मी रुचिकाला बोलावून हे सांगितलं. तिने डाव्या हाताने एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "बाबाले तुम्ही लिखीसन द्या, मी पोचाडसू. पन पह्यले आमशाले सांगा." मी दुपारीच त्याला बाजारात गाठलं. मारील असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "मग हे मालकाला सांगाल का? मला जीप देईल?" मी आज सकाळी मालकाला फोन केला. तो म्हणाला, बैठकीत जाहीर होऊ दे, मग बघू. म्हणून हे पत्र. नवलसिंगला हवा असलेला कागद हाच समज. रविवारी हे सगळ्यांसमोर वाच, जाळ्यांचं आहे तेही वाच, काही गाळू नकोस. चार गाड्या सोडायच्या की एक, ते तुम्ही ठरवा, त्यात आता माझं मत नाही. आमशाला मी यायला सांगितलंय, त्याला बसायला जागा दे. मी दारापाशी उभा राहीन. तुला मला जे म्हणायचं ते तिथेच, लोकांसमोर म्हण. नंतर एकट्याला गाठून माझी समजूत घालू नकोस, तेवढी एक दया करू नकोस.

वाचून झाल्यावरही तुला म्हणावंसं वाटलं तरच, तुझाच,

जुबेर