जनरलच्या चरित्राचा पाचवा भाग

अहो,

हा कागद दोन्ही बाजूंनी कोरा आहे, हे आधीच सांगते. हसाल तुम्ही! पण पाठकोऱ्या कागदाला हात लावायचा धीर होत नाही आता. का, तेच सांगायला बसलेय.

येत्या रविवारी आपल्या गावाबाहेरच्या दगडी चर्चच्या फाटकाशी तुमच्या जनरलचा फलक लागणार. इतिहास मंडळाच्या नोराबाई काल त्याचं चित्र घेऊन आल्या होत्या. निखिलने मला वाचून दाखवलं. पाद्र्याचा धाकटा मुलगा, क्रिमियात जखमी, दख्खनमध्ये उल्लेखनीय कामगिरी, मग कर्नल, मग अफगाणिस्तान, मग जनरल आणि 'सर'. सगळ्यात खाली, 'संशोधन' म्हणून तुमचं नाव.

"युअर हजबंड वॉज अ लव्हली मॅन," नोराबाई म्हणाल्या. मी चहा ओतत राहिले. दख्खनच्या त्या एका ओळीवरून माझी नजर हलत नव्हती.

आठवतं, आपण लिमरिकला आलो त्या वर्षी पावसात आडोसा म्हणून त्या चर्चमध्ये शिरलो होतो? मी सवयीने चपला बाहेर काढल्या, त्या भिजून चिंब झाल्या. तुम्ही मात्र भिंतीवरच्या पितळी पाटीपुढे उभे. तीस वर्षं कराडच्या शाळेत इतिहास शिकवलात, आणि आयर्लंडमधल्या भिंतीवर 'दख्खन' वाचून लहान मुलासारखे हरखलात! "अगं, हा आपल्याकडे येऊन गेलाय!" जणू माहेरचा माणूस भेटला.

मग काय, जनरल आपल्या घरीच राहायला आला. त्याच्या पणतीकडे, त्या म्हाताऱ्या बाईंकडे, त्याची पत्रं होती. दर मंगळवारी तुमची स्वारी बसने तिकडे. मी विचारायची, "आज जनरलसाहेब जेवायला आहेत का? कुकरला किती लावू?" तुम्ही म्हणायचात, "तुझी आमटी प्यायला असता तर लढाईवर गेलाच नसता."

सतराव्या वर्षी बापाने त्याला अधिकारीपद विकत घेऊन दिलं, हे ऐकून मी म्हटलं होतं, म्हणजे डोनेशनच की! मुंबईला उतरल्यावर तापाने फणफणला. कैरी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा आईला दोन पानं लिहिली. ते वाचताना तुमचा आवाज कापायचा. मला राग यायचा. निखिलच्या पत्रांना कधी असा कापला नाही तो!

आणि मग तो मंगळवार. तुम्ही आलात, कोट न काढताच बसलात, पान वाढलं तर नको म्हणालात. त्या दिवशीचं पत्र सत्तावन्नच्या उठावानंतरचं होतं. घाटावरच्या एका गावाने बंडवाल्यांना आसरा दिला म्हणून त्याने अकरा माणसांना चिंचेच्या झाडाला फाशी दिलं. अकराही नावं त्याने पत्रात स्वतःच्या हाताने लिहिली होती. आणि लगेच खाली, आई, तुझा खोकला कसा आहे? त्याच कामगिरीवर तो कर्नल झाला.

"हा माणूस वाईट नव्हता गं," तुम्ही म्हणालात. "तेच तर मला सोसत नाही."

चरित्राचा पाचवा भाग तुम्ही त्यावरच लिहिलात. देवापुढे सांजवात लावून मी बसले की मला वाचून दाखवायचात, नावांसकट. मी हात जोडून ऐकायची, स्तोत्र ऐकावं तसं. पण पाठ नाही केली हो! रामरक्षा पाठ आहे, विष्णुसहस्रनाम पाठ आहे. ती अकरा नावं मात्र नाहीत.

आता खरं सांगते. निखिलला वाटतं, पाचवा भाग तुमच्या हातून झालाच नाही. "बाबांना वेळच मिळाला नाही," असं तो नोराबाईंना म्हणाला आणि मी गप्प बसले.

तुमचे तेरा दिवस झाल्यावर मी देवाखालचं कपाट आवरलं. निखिलची ईरा इथल्या बोलीत त्याला 'प्रेस' म्हणते, तेच. पहिले चार भाग तुमच्या निळ्या फाईलमध्ये होते. कपाटात निखिलच्या ऑफिसच्या जुन्या कागदांचा एक गठ्ठा होता, छापील बाजू वर. मी तो उचलला आणि नेऊन रद्दीच्या हिरव्या बिनमध्ये टाकला. उलटून पाहिला नाही. मी! जी बिस्किटाच्या पुड्याचा कागदसुद्धा दोन्हीकडून बघून टाकते!

आणि पाठकोऱ्यावर लिहायला लावलं कुणी? मीच ना? "कच्च्या खर्ड्याला कोरे कागद कशाला हो?" तुम्ही ऐकलंत. कशाला ऐकलंत? एकदा तरी वाद घालायचा होता माझ्याशी!

पाचवा भाग फाईलमध्ये नाही, हे महिन्याने लक्षात आलं. बिन रिकामा होऊन कितीतरी दिवस झाले होते. म्हटलं, मूळ पत्रं तरी असतील. नातीला घेऊन बसने गेले. ती म्हातारीही गेली होती, घराला 'विकले'ची पाटी. शेजारचा माणूस म्हणाला, सगळं सामान एका दिवसात उचलून नेलं, कुठे ते ठाऊक नाही. परत येताना ईरा माझा हात धरून म्हणत होती, "आजी, इट्स ग्रँड, डोन्ट वरी." तिला काय सांगू?

दोन दिवस देवापुढे बसून आठवून पाहिलं. चार नावं आली. रखमाजी, माझ्या आजोबांचंही तेच नाव म्हणून. बाळा सुतार. गोंदा. येसू. पुढे काही नाही. गावाचं नावही नाही. आता ही चार नावं कोणत्या फलकावर लावायची? नोराबाई विचारणारच, कागद कुठाय?

तुम्ही गेलात तेव्हा वाटलं होतं, याहून जास्त काय जायचं राहिलंय. राहिलं होतं. ते मी घालवलं.

माफी मागत नाही. देणारे तुम्ही, आणि तुम्ही नाही. पण एक कबूल करते. हे पत्र मिटलं की निखिलला सगळं सांगणार. तो चिडेल, चिडू दे. मग नोराबाईंना सांगणार की दख्खनची ती ओळ तुम्ही लिहिलेली नाही, फलकावरचं तुमचं नाव काढा. या देशात तुमचं नाव कुठे लागलं असतं तर तिथेच. ते मी माझ्या तोंडाने काढायला लावणार. त्या ओळीखाली तुम्ही एक दिवसही उभे राहिला नसतात.

सर्वपित्रीला तुमच्याबरोबर त्यांचंही पान वाढेन. चार नावं घेईन. उरलेल्या सातांच्या जागी पाणी सोडताना मात्र तोंडात काहीच नसेल.

तुमची,
सुमन