चौकटीत नसलेला

३ मार्च
मागांगे गावी पोचले एकदाची. नदीकाठी खोली मिळाली आणि चौकातच नोकरी. आर्रिएता यांच्या दुकानात लोक लग्नाच्या, जत्रेच्या जुन्या टेपा आणतात. त्यातली धुरकट चित्रं मोठी, स्वच्छ करून नेटवर चढवायची. हरवलेले ठिपके संगणक अंदाजाने भरतो. त्याने कुणाच्या नाकाचा बटाटा केला नाही ना, एवढं आपण बघायचं. मालक हसतमुख आहेत. त्यांची बहीण एलोइसा दुपारी मासळीचं सूप आणि उकडलेला युका कंद घेऊन येते. मला म्हणाली, "किती हाडकुळी गं तू, पोरी."

७ मार्च
मालकांनी आज स्वतःची टेप दिली. अठरा वर्षांपूर्वीची. बायको नोएमी धक्क्यावर उभी आहे, आणि हसता हसताच पाय घसरून नदीत पडते, ती कायमचीच. यांनीच ढकललं, अशी गावात अजून कुजबुज आहे. म्हणाले, "स्वच्छ करून चढव. मी तिच्या आसपास कुठे दिसतोय का, बघू दे सगळ्यांना." चित्रण एलोइसाने केलं होतं, असंही तेच म्हणाले. खरंच, ते कुठेच नाहीत. बिचारे.

१० मार्च
चेहरा उजळला. ती हसत नाहीये.
संगणकाचा अंदाज चुकला असेल म्हणून मूळ टेप थांबवत थांबवत पाहिली. दात दिसतात ते किंचाळताना. पायही घसरत नाही. ती मागे मागे सरकतेय. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, चेहरा धूसरच राहू दे, बाकीचं कर. मग स्वच्छ करायला दिलं कशाला?

११ मार्च
कॅमेरा एका जागी असता तर तिच्यामागचे खांब तेवढेच राहिले असते. ते मोठे होत जातात. म्हणजे कॅमेरा पुढे पुढे — तिच्या अंगावर —
एलोइसाला विचारलं, इतक्या जवळ का गेलीस. सूप वाढता वाढता ती म्हणाली, "मी कुठे होते गं तिथे? मी घरी चुलीपाशी. कॅमेरा त्याच्याकडे होता."

१२ मार्च
दुकानात गेले नाही. चित्रफितीची प्रत माझ्याजवळ आहे. एलोइसाच्या फोनवरून निरोप — धक्क्यावर ये, पोलिसांकडे बरोबरच जाऊ.
येऊन बसलेय. ती नाही.
आर्रिएता येतायत. हातात एलोइसाचा फोन. तो माझ्यावर रोखलाय — हसतायत — म्हणतायत, पोरी, जरा मागे सरक, चौकटीत मावत —