सतरा नंबरच्या घरातली गायिका

१९ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी

प्रिय मावशी,

हे पत्र तीन आठवडे टेबलावर पडून आहे. वर तारीख टाकायची, ‘प्रिय मावशी’ लिहायचं आणि काहीतरी आठवून उठायचं, एवढंच चाललं होतं. एकदा तर कपडे धुवायला उठले आणि खरंच धुतले, यावरून काय ते ओळख. तारीख खोडून खोडून वरचा कोपरा फाटलाय, तो दिसला तर समजून घे.

तू कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? टायपिंग क्लासला यंदा मुलं किती? एफ आणि जे न बघता सापडत नाहीत असं एखादं गाढव असेलच, माझी गादी चालवायला.

मी बरी आहे. मला नोकरी आहे आणि ती साडेचार महिने टिकलीये. हे आईला सांगून उपयोग नव्हता, ती म्हणाली असती, ‘बघू पाचव्यात.’

काम असं. या शहरात एक जुना मोहल्ला आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी तिथे हिप्पी राहायचे. लांब केस, अनवाणी पाय, गिटारी, एकेका खोलीत नऊ-नऊ जण. आता तो सगळा इतिहास झालाय म्हणे, आणि इतिहास झाला की लोकांना तो चालत बघायचा असतो. तर मी वीस-वीस माणसांना दोन तास फिरवते. हातात पाटी, पायात फाटके बूट. आमचा मालक पूर्वी विमा विकायचा. त्या काळात त्याने गिटार तर सोडच, केससुद्धा वाढवले नव्हते. पण चौदा पानं लिहून दिलीत त्याने, आणि त्यातला शब्द इकडचा तिकडे झालेला चालत नाही.

पहिला थांबा इस्त्रीचं दुकान. तिथे पूर्वी चहाचं दुकान होतं आणि रोज संध्याकाळी गाणं. इस्त्रीवाली बाई वैतागलेली असते, कारण लोक तिच्या दुकानाचे फोटो काढतात आणि तिला म्हणतात, जरा बाजूला व्हा. तिच्याच दुकानात! माझी खोली तिच्याच वर आहे. दुसरा थांबा तळघर, तिथे एका बँडचा सराव चालायचा. भिंतीला अजून अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले आहेत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तिसरी ती रंगवलेली भिंत. मालक दर वर्षी ती नव्याने रंगवून घेतो आणि मी लोकांना सांगते, बघा, इतक्या वर्षांत रंग जरासुद्धा उडाला नाही. लोक हात लावून बघतात. एकाच्या बोटाला लागला होता.

आणि चौथा थांबा, सतरा नंबरचं घर.

तिथे काय आहे ते तुला माहीत आहे. मला माहीत नव्हतं, हे आधी लक्षात घे. मला एवढंच माहीत होतं की लग्नाआधी, म्हणजे तू लग्न केलंच नाहीस, पण त्या वयात, तू पाच वर्षं कुठेतरी लांब नोकरीला होतीस.

चौदा पानांत लिहिलंय की या घराच्या तिसऱ्या मजल्यावर त्या बँडची गायिका राहत होती, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी याच खोलीत तिने शेवटचा श्वास घेतला. मालकाकडे तिचा एकच फोटो आहे, कडेला उभी, तोंडावर केस. लोक ते ऐकायला पुढे सरकतात. काही जण पायरीवर फुलं ठेवतात. मावशी, मी ते फार छान सांगायचे. माझ्या मनाने भर घालायचे. खिडकी उघडी होती, रेकॉर्ड संपली तरी फिरत राहिली, शेजारणीला वाटलं पाऊस पडतोय. एकदा एक आजोबा इतके रडले की त्यांच्या सुनेने मला झापलं.

मग न्हाव्याची गाठ पडली. सतरा नंबरच्या समोरच त्याचं दुकान. हिप्पींचं नाव काढलं की तळपायाची आग मस्तकात. म्हणतो, “सात वर्षं एकाने केस कापले नाहीत. त्यांच्या शांतीने माझा धंदा बसला.” एकदा मला हाक मारून म्हणाला, “काय गं, सारखी त्या पोरीला मारतेस. ती मेली कधी? माझ्या खुर्चीत बसून गेली ती.”

“कुठे गेली?”

“घरी. सकाळी पहिलं गिऱ्हाईक. कमरेपर्यंत केस होते. म्हणाली, कानाच्या वर कापा, घरी जायचंय. दोनदा विचारलं मी. सात वर्षांत एवढं मोठं काम मिळालं नव्हतं, म्हणून फोटो काढून ठेवला.”

फोटो आरशाच्या चौकटीत होता. त्यात आखूड केसांची, खुर्चीत ताठ बसलेली तू होतीस. मुलांनी चूक करायच्या आधीच त्यांच्याकडे बघतेस ना, तशी बघत होतीस.

मला आधी तुझाच राग आला. तू आमच्यासमोर कधी गुणगुणलीही नाहीस. भांडी घासतानासुद्धा नाही. मला वाटायचं तुला सूरच नाही!

असो. गेल्या रविवारी सतरा नंबरपुढे उभी राहिले आणि म्हणाले, “इथे ती मेली नाही. ती जिवंत आहे. एका गावात टायपिंग शिकवते.”

मग फुलं घेऊन आलेली एक बाई म्हणाली, “मग यांचं मी काय करू?” जशी काही मीच तिला फसवलं. आणि मागून एक टकलू, शर्टावर शांतीचं चिन्ह, म्हणतो, “टायपिंग? गाणं सोडून टायपिंग? मग मेलेलीच की.”

दोघं-चौघं हसले. मावशी, मी पाटी खाली ठेवली, नाहीतर ती त्याच्या डोक्यात गेली असती. म्हटलं, साहेब, तिने चारशे-पाचशे पोरांना पोटापाण्याला लावलंय, तुम्ही काय केलंत? सुट्टीच्या दिवशी शर्ट बदललात! तो म्हणाला, उद्धट आहेस. आहेच.

मालकाने बोलावलं. ओरडला असता तर बरं होतं. हा शांतपणे समजावतो: “लोक जिवंत बाईसाठी पायपीट करत नाहीत. जिवंत बायका त्यांच्या घरी आहेत.” मी म्हटलं, तुम्ही खोटं लिहिलंय. तेव्हा तो भडकला. कपाटातून फाइल काढली आणि एक पत्र समोर टाकलं. सहा वर्षांपूर्वी त्याला सतरा नंबरच्या घरमालकिणीच्या जुन्या वहीत आपला पत्ता मिळाला होता, त्याने रीतसर विचारणा केली होती. हे त्याला आलेलं उत्तर.

‘माझी बहीण त्याच वर्षी वारली. कृपया पुन्हा लिहू नये.’

अक्षर आईचं.

हे कसं लिहू ते कळत नव्हतं, म्हणून तीन आठवड्यांतले शेवटचे दोन दिवस गेले. सहा वर्षांपूर्वी तू दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचीस. आई तुझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची सोडायची. त्याच जेवणाच्या टेबलाशी बसून तिने तुला मारलं, पाकीट चिकटवलं, आणि रविवारी विचारलं असेल, अजून वाढू का?

मी काल तिला फोन केला, कुठे राहते तेही सांगितलं आणि पत्राचं विचारलं. ती म्हणाली, “मग काय लिहायचं होतं? माणसं दारात आली असती. ती परत आली तेव्हा तुझ्या आजोबांची अट होती, त्या पाच वर्षांचं नाव घरात निघणार नाही. तिने पाळली, मी पाळली. तू कोण विचारणारी?” मी म्हटलं, आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली, आता कुणासाठी पाळतेस? तिने फोन ठेवला.

तर मालकाचा राग, टकलूचा राग, आजोबांचा, आईचा. सगळ्यांवर ओरडून झालं. आता एकच राहिलं. ते न लिहिता पाकीट बंद करावं असं फार वाटतंय.

न्हाव्याने फोटो दाखवला तो गेल्या रविवारी नाही. त्याला तीन आठवडे झाले होते. त्यानंतर मी सतरा नंबरपुढे नऊ वेळा उभी राहिले आणि नऊही वेळा तुला मारलं. माहीत असून. खिडकी, रेकॉर्ड, पाऊस, सगळं. आईने एकदा लिहिलं, एका ओळीत, आणि तुला कुणी छळू नये म्हणून. मी नऊ वेळा केलं, कारण मी बोलते तेव्हा वीस माणसं हलत नाहीत आणि असं माझं आयुष्यात कधी झालेलं नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, आपल्या घरातही नाही. तू मेलेली असलीस की मला ऐकतात.

माफ कर असं लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. माफ कर.

मालक म्हणतो, रविवारी अकराला चौदा पानं जशीच्या तशी, नाहीतर पाटी ठेव आणि जा. जायला मी घाबरत नाही, जाण्यात मी तरबेज आहे. पण मी गेले तर दुसरं कुणीतरी येऊन तुला मारेल. आणि खरं सांगायचं तर ते सांगायचा हक्क माझाही नाही. तुला न विचारता मी तुला जिवंत केलं, तेही चुकलंच. म्हणून विचारते. सांगू? किती सांगू? तू गाणं सोडलंस की तुझ्याकडून सोडवलं? तू नको म्हणालीस तर मी सतरा नंबरसमोरून गप्प चालत जाईन. खोटं मात्र आता माझ्या तोंडून निघणार…

थांब. इस्त्रीवाली खालून हाका मारतेय.

मावशी, आई आलीये.

हो, आईच. जी शेजारच्या गावाला एकटी जात नाही, ती चौदा तास बसने. दारात उभी आहे, बॅग हातातून सोडत नाही, पाणी नको म्हणते. मी म्हटलं, भांडायला आलीस का? तर म्हणाली, “त्या माणसाला भेटायचंय. माझं पत्र मला परत हवंय.” मग खिडकीतून किती तरी वेळ गल्लीकडे बघत होती. म्हणाली, “इथे राहायची ती?” मी सतरा नंबर दाखवला. ती रडली नाही, पण बॅग खाली ठेवली. टेबलावर कागद दिसला तिला. “तिलाच लिहितेस ना? मग विचार, रविवारी लोकांना मी सांगितलं तर चालेल का.”

उत्तराला पत्र नको, उशीर होईल. इस्त्रीवालीचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिते, तिथे फोन कर. शनिवार संध्याकाळपर्यंत दोघींपैकी एक जण फोनजवळ बसलेली असेल.

तुझी भिंगरी

आणि तुझी धाकटी बहीण