आईची हाक आणि सात गोळ्या

लातूर,
रविवार, दुपार

चि. दानव्वास, ताराक्काचे आशीर्वाद.

तुझी कंबर आता बरी असेल असे धरून चालते. नसेल तर चटईवर झोप, गादीवर नाही, हे मी मागेही सांगितले होते. तुझ्या यजमानांना, महादेवप्पांना, माझे शरणार्थ सांग. आम्ही, म्हणजे मी आणि आईची मांजरी, ठीक आहोत असे लिहिणार होते, पण ते अर्धेच खरे ठरेल. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू हसतेस आणि हसणाऱ्या माणसाला मला नीट सांगता येत नाही.

आईच्या मागे निलंग्याहून मी ही मांजरी आणली तेव्हा (तुम्हा सगळ्यांना अडचण होती, मला नव्हती, असो) तिला मराठी कळत नव्हते. 'ये' म्हटले की ती भिंतीकडे बघायची. आईसारखे कानडीत 'बारव्वा, बा' म्हटले की शेपटी उभी करून धावत यायची. आपल्या दोघींनाही आई जेवायला याच शब्दांनी बोलवायची, हे तुला सांगायला नको.

गेल्या महिन्यात एका बोक्याने तिचा पाय फोडला. जनावरांच्या डॉक्टरांनी सात गोळ्या दिल्या, रोज सकाळी एक, आणि मटणाच्या तुकड्यात घालून द्या म्हणाले. मग माझ्या कपाळावरची विभूती त्यांना दिसली. म्हणाले, "मग पेढ्यात बघा." पेढ्यात बघितले. तिने पेढा खाल्ला आणि गोळी धुऊन पुसल्यासारखी स्वच्छ माझ्या पायाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुधात कुटून दिली, तर ती दुधाला शिवली नाही, आणि परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलींकडे मी बघायची तशी दिवसभर माझ्याकडे बघत राहिली. (आईच्या शेवटच्या वर्षी मी तिची रक्तदाबाची गोळी अशीच शिऱ्यात घालत असे. आईला कळायचे, पण ती न बोलता खायची. तेव्हा मला माझ्याच हुशारीचे कौतुक वाटले होते.) तिसऱ्या दिवशी शेजारचे रेवणप्पा टॉवेल घेऊन आले. "अक्का, मी धरून राहिलो, तुम्ही निवांत टाका," म्हणाले. टॉवेल त्यांनी फार चांगला धरला होता. मांजरी त्यात नव्हती.

चौथ्या दिवशी पाय सुजला. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा पहिल्यापासून सात, आणि एकही चुकवू नका. तेव्हा मी अंगणात उभी राहिले, गोळी पदराआड धरली आणि आईच्या चालीवर म्हणाले, "बारव्वा, बा." लंगडत का होईना, धावत आली. मानगूट धरली, जबडा उघडला, गोळी आत. अर्धे मिनिट लागले. सातही दिवस हेच केले. ती रोज आली, दानव्वा. पाचव्या दिवसापासून वाटेत थांबून माझ्या हाताकडे बघायची, आणि तरी यायची.

पाय बरा झाला. आठव्या दिवशी वाटीत साय घेऊन तीच हाक मारली, तर ती उठली आणि भिंतीवरून रेवणप्पांकडे गेली. आज अकरा दिवस झाले. तिथे त्यांची सून साधे 'माऊ' म्हणते आणि ही जाते. म्हणजे मराठी येत होते म्हणायचे.

गोळ्या पूर्ण दिल्या यात माझी चूक नाही, आणि कोणी काढूही नये. पण आईची म्हणून ती एक हाक माझ्याकडे उरली होती, ती मी गोळ्या देण्यात घालवली.

कंबरेला जप.

तुझी,
ताराक्का

ता. क. पुढच्या आठवड्यात एसटीने येऊन जा. तुझा आवाज हुबेहूब आईसारखा आहे (असे म्हटलेले तुला आवडत नाही, ठाऊक आहे). अंगणात उभी राहून तेवढी एकदा हाक मार. हातात काही धरू नकोस.

आणखी एक. मांजरी आली नाही तरी चालेल. हाक जरा मोठ्याने मार, मी स्वयंपाकघरात असेन.