आतून धुरकटलेली काच

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची. दोन बॅगा, शिवणाचा डबा आणि ही वही, एवढाच संसार. थोरल्या भावजींनी दारातच बजावलं की घर तुझंच समज धाकटे, फक्त माझ्या खुर्चीत बसू नकोस. मी म्हटलं, खुर्ची तुमची, बाकी सगळं माझं. हसले. सासरच्या माणसाला मी शेवटचं कधी हसवलं होतं, आठवत नाही.

माझी खोली पूर्वेची. सकाळचं ऊन थेट उशीवर येतं. बाहेर लांबट बंद व्हरांडा, त्याला ओळीने खिडक्या आणि टोकाला भावजींची कामाची खोली. रंगांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या, कानशी आकाराप्रमाणे. मला आमच्या कॉन्व्हेंटमधला शिवणाचा वर्ग आठवला. तिथल्या कात्र्या अशाच टांगलेल्या असायच्या, आणि एक खिळा रिकामा दिसला की सिस्टर कुणालाही घरी सोडायच्या नाहीत.

स्वयंपाकाच्या बाई बोलक्या आहेत. भाजी निवडता निवडता त्यांनी सांगितलं की साहेब चमच्यालासुद्धा ओरडतात, चमचा उलटून बोलत नाही म्हणून टिकलाय.

हे गेल्यापासून सासरहून मला कुणी राहायला बोलावलं नव्हतं. भावजींनी फोन केला की एक काम आहे, माझे हात आता थरथरतात, तुझीच बोटं लागतील. माझ्या वयाच्या बाईला कुणी तुझी बोटं हवीत म्हटलं की ती पुढचं विचारत बसत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काम आज उघडून दाखवलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात सोव्हिएत बनावटीच्या लढाऊ विमानाची प्रतिकृती, सुट्या भागांत. हे चालवायचे तेच विमान. क्षणभर मी खोक्याचं झाकणच धरून बसले. भावजी म्हणाले, रडायचं असेल तर बाहेर जा, ओले हात चालणार नाहीत.

सगळे भाग रेझिनचे. पातळ रेझिन साच्यात ओततात, ते घट्ट होतं, आणि प्रत्येक भागाला ओतण्याच्या जागी एक जाडसर ठोकळा राहतो. तो बारीक करवतीने कापायचा. त्याआधी सगळं साबणाच्या पाण्यात धुवायचं, कारण साच्याचं तेल अंगावर असलं तर रंग धरत नाही. घासायचं तेही ओलं, धूळ छातीत गेली तर वाईट. प्लॅस्टिकचा गोंद याला चालत नाही, सुपरग्लूच लागतो, आणि तो चूक सुधारायला वेळ देत नाही.

मला हे काम आवडलं, हे लिहायला हरकत नाही. सिस्टर म्हणायच्या की भरतकामाची उलटी बाजू सुलटीसारखी दिसली पाहिजे. मी चाकांच्या खोबणीची आतली बाजूही घासली. भावजींनी भिंगातून पाहिलं आणि हुं केलं. त्यांच्या तोंडून ते प्रशस्तिपत्रक आहे, असं बाईंनी नंतर समजावलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

डावा पंख वाकडा निघाला. टोकाशी वर मुरडलेला. भावजी म्हणाले, घाबरू नकोस, गरम पाण्यात बुडव, मऊ होईल, सरळ कर आणि गार पाण्यात धर. तसं केलं. छान सरळ झाला.

दुपारी दोघं व्हरांड्यात चहा घेत बसलो. ह्यांच्याबद्दल बोलायला फार दिवसांनी कुणी मिळालं होतं. हे बुटांची नाडी कशी दोनदा बांधायचे. माझ्या इंग्रजी प्रार्थना मुद्दाम चुकीच्या चालीत कसे म्हणायचे. भावजी ऐकत होते, पण खिडकीबाहेर बघत.

मग मीच तो विषय काढला. विमान पडलं त्याच्या चौकशीत ठरलं होतं की वैमानिकाने बाहेर पडण्याचा प्रयत्न केल्याचं दिसत नाही. एवढंच. म्हणजे हे नुसते बसून राहिले. मी घरी वाट बघतेय हे ठाऊक असून हातसुद्धा हलवला नाही. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, माझा पोरगा भेदरला. लोकांना वाटतं मी इतकी वर्षं शोक करते. मी रागावलेली आहे. ह्यांच्यावर.

भावजी म्हणाले, जुनं उकरू नये. त्या विमानांची देखभाल करणारं वर्कशॉप त्यांच्याच हाताखाली होतं. त्यांनाही लागत असेल, म्हणून मी कप उचलले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पंख पुन्हा मुरडला आहे. त्याच जागी, तेवढाच. भावजी म्हणाले, रेझिनला आठवण असते, कधी कधी मूळ आकारावर जातं. पुन्हा गरम पाणी.

आज वैमानिकाची आकृती रंगवली. अंगठ्याच्या नखाएवढी. हात मांडीवर, एकाच तुकड्यात ओतलेले. चेहरा करायला धजले नाही. हेल्मेट आणि मुखवटा यांच्यामध्ये फक्त डोळे ठेवले.

कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेसारखं झाकण, पारदर्शक रेझिनचं आहे. मी सुचवलं की ते उघडं ठेवू या, आतलं सगळं दिसेल, इतकी मेहनत केली आहे. भावजी एकदम कडाडले. बंद हवं. माझ्या वर्कशॉपमधून विमान बाहेर पडलं तसं हवं, निर्दोष. कळलं का.

कळलं म्हटलं. पण मला असं बोललेलं आवडत नाही.

बाईंना सांगितलं तर त्यांनी आवाज बारीक केला. म्हणाल्या, हे तिसरं विमान आहे ताई. आधीची दोन त्यांनीच हातोडीने फोडली. हात थरथरतात म्हणून नाही हो, चांगला नेम धरून फोडली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

भावजींच्या सांगण्यावरून कॅनॉपी आज सुपरग्लूने बसवली आणि लगेच बंद केली. जेवून आले तर काच आतून धुरकट झालेली. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलंच आहे की या गोंदाची वाफ बंद जागेत पांढरी बसते, हवा खेळू द्यावी. जन्मभर विमानांत काढलेल्या माणसाला हे माहीत नसेल? झाकायची इतकी घाई.

ही वाफ आणखी एक करते. जिथे बोट लागलेलं असेल तिथे ती जास्त धरते आणि ठसा उमटतो.

काचेवर ठसे आहेत. आतल्या बाजूने. आधी वाटलं माझेच. भिंग लावलं.

दोन तळहात. पाची बोटं मोजता येतात. तिळाएवढे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

भावजींना दाखवलं. त्यांनी भिंग घेतलंच नाही. म्हणाले, तुझ्याच बोटांचे डाग, कॉन्व्हेंटमध्ये पावित्र्य शिकवलं, स्वच्छता नाही शिकवली वाटतं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कानशिलं तापली.

सुपरग्लू थंडीने ठिसूळ होतो. विमान फ्रीझरमध्ये ठेवलं. बाई म्हणाल्या, बर्फाशेजारी विमान, आता हवाईसुंदरी तेवढी कमी. मी हसले. बरं वाटलं. तासाभराने कॅनॉपी टक्कन सुटली. आतून पुसली, पॉलिश केली, आरशासारखी लखलखीत. या वेळी पांढऱ्या गोंदाने बसवली. त्याला वाफ नसते.

संध्याकाळच्या उजेडात पाहिलं. पुन्हा धुरकट. ठसे वाढलेत. एकावर एक, एकावर एक, जणू कुणी जागा बदलून बदलून —

आकृतीचे हात मांडीवर नाहीत. वर आहेत. मांडीवर दोन खरबरीत खुणा राहिल्यात, रेझिन तुटल्यासारख्या.

मी ते केलेलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी चहा देताना सरळ विचारलं. त्या दिवशी कॅनॉपीचं कुलूप कुणी तपासलं होतं.

भावजी आधी म्हणाले, तुला यातलं काय कळतं. मग म्हणाले, कुलूप जरा घट्ट होतं, सगळ्यांचीच घट्ट असायची, पोरं तक्रार करायचीच. दर तक्रारीला विमान थांबवलं असतं तर एकही उडालं नसतं. पुढच्या आठवड्यात बदलणारच होतो. कप खाली ठेवला. आणि म्हणाले, तसंही ठोकणं फार वेळ चाललं नाही.

मी ठोकण्याचा शब्दही काढला नव्हता.

त्यांना कळलं, काय बोलून बसलो ते. मग घसरतच गेले. त्या दिवशी ते तळावरच्या रेडिओपाशी उभे होते. सगळं ऐकलं. ह्यांनी आधी सांगितलं की झाकण सुटत नाहीये. मग बोलणं थांबलं आणि नुसतं ठोकणं. हातांनी. आणि चौकशीपुढे भावजींनी सांगितलं की इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही. रेडिओपाशी दुसरं कुणी नव्हतं. वर्कशॉपचं नाव राहिलं. भावाचं गेलं.

वर मलाच म्हणाले, समजून घे धाकटे, माझ्या हाताखाली साठ माणसांची पोटं होती.

सिस्टर सांगायच्या, राग आला की डोळे मिटून प्रार्थना म्हणावी. मी मिटले. एक ओळही आठवली नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

त्यांना सांगितलं. हे जाहीर बोलायचं. ह्यांच्या बरोबरीचे जे कुणी जिवंत असतील त्यांना फोन करून, माझ्यासमोर. ह्यांनी प्रयत्न केला, एवढं एकच वाक्य. ते म्हणाले, बोलावलं म्हणून आलीस, उद्या गाडीत बसवून देतो.

सासूबाई गेल्या त्या पोरगा भेदरट होता असं समजून. हा माणूस उशाशी बसला होता. त्यांना पाणी पाजत होता.

पंख मुरडलाय. आज उजवाही.

व्हरांड्यात रॉकेलसारखा वास, ह्यांच्या गणवेशाला यायचा तसा. बाई म्हणाल्या, घरात रॉकेल नाही ताई. घरी गेल्या लवकर. उद्या येणार नाही म्हणाल्या.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

बॅग भरून व्हरांड्यात बसले आहे. सकाळ, लख्ख ऊन. भावजी हातोडी घेऊन कामाच्या खोलीत गेले. तिसरंही फोडणार. मी आडवी गेले, त्यांनी मला ढकललं. आत गेले आणि दार लागलं. मी लावलं नाही. त्यांनीही नाही, कारण लगेच आतून ओरडले, धाकटे, दार सोड, पोरखेळ पुरे.

मी दाराला हात लावलेला नाही. लिहिते आहे.

आता ठोकतायत. आधी हातोडीने, मग ती पडल्याचा आवाज. आता हातांनी.

म्हणाले, बाई गं, आत श्वास कोंडतोय. आयुष्यात पहिल्यांदा मला बाई गं म्हणाले.

उठायला हवं. उठत नाही. मी वाईट बाई नाही. पण तेहतीस वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावले, आणि हा बसून बघत होता. मी इथूनच सांगितलं, आधी ते वाक्य.

भावजी बोलले. दाराला तोंड लावून. त्याने प्रयत्न केला. शेवटपर्यंत केला. मी ऐकलं होतं. पुन्हा पुन्हा तेच म्हणतायत, रडतायत.

झालं. एवढंच हवं होतं मला. उघडते.

— मूठ फिरते. कडी नाही, काही नाही. दार हलत नाही. अंगाचा भार टाकला तरी.

दाराच्या वरच्या काचेवर पांढरं चढतंय. आतून. भावजींचे तळवे, सुरकुतलेले. त्यांच्याशेजारी आणखी दोन. तरुण. त्या तळव्यांची ऊब मला —

मी सांगितलं, अहो पुरे. ते बोलले ना. सगळं बोलले. सोडा त्यांना.

ठोकणं थांबलं. फार वेळ चाललं नाही.

भावजी. भावजी.

आवाज नाही —

व्हरांड्याची खिडकी. पहिली पांढरी. दुसरी — बाहेर ऊन आहे आणि मला दिसत नाही — ठसे आतल्या बाजूला, म्हणजे माझ्या —

अहो, तुम्ही माझ्यावरही. हो ना. मी विश्वास ठेवला त्यांच्यावर. एकदाही म्हटलं नाही की माझा नवरा असा बसून राहणार नाही. रागवा. हक्क आहे तुमचा, पण

बाहेरचं दारही — श्वास —

मी ठोकते आहे. डाव्या हाताने ठोकते आहे, उजव्याने लिहिते आहे, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की हिने प्रयत्न