उतरतानाची घाई

सोम., ५ जाने.
शाफ्टने आज पुन्हा तोंडावर पाडलं. दोन बेरिंगांवर फिरतो, वेग वाढवत नेला की थरथर वाढत जाते आणि मिनिटाला ४२०० फेऱ्यांना एकदम शांत. दर वेळी ४२००. वेग उतरवताना मात्र त्याच आकड्याला पुन्हा उसळत नाही, बरंच खाली येऊन उसळतो. ते तसंच व्हायचं, पुस्तकातही आहे. पण खालचा आकडा तरी एक असावा ना? कधी ३६००, कधी ३४५०. सर म्हणाले, "बेरिंग ढिली असणार. महिनाअखेर आकडे जुळले नाहीत तर हे प्रकरण प्रबंधातून काढा." दोन वर्षं गेलीत त्यात.

गुरु., ८ जाने.
नवी बेरिंग. ३६००, ३६००. हुश्श. आबांना धुळ्याला फोन केला, "आबा, बेरिंग बदलली." म्हणाले, "भरीत? कर कर. मिरच्या चांगल्या भाज." मी हसले, आणि फोन ठेवल्यावर रडले. माझे वडील, तेलगिरणीत चाळीस वर्षं फिटर. कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून बेरिंगचं दुखणं सांगायचे. आता तो शब्दही कानात जात नाही.

शनि., १० जाने.
३४४०. नव्या बेरिंगलासुद्धा! डोकं फिरलं. आकडा टिपला, मशीन बंद, पळत स्टँड. पाचची धुळे बस मिळाली एकदाची. आबांना कानाच्या मशीनचं विचारलं. हातानेच नको म्हणाले.

रवि., ११ जाने., धुळे
आबा उन्हात माझी वही वाचत बसलेले. ऐकू येईनासं झाल्यापासून हाताला लागेल ते वाचतात, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. तारखांवरून बोट फिरवलं नि म्हणाले, "शनिवारनं बठ्ठं खाले शे. शनिवारले तू काय करस?"
घसरलेले सगळे आकडे शनिवारचे! "तुमच्याकडे येते."
ऐकू गेलं नाही. भरभर बोलते मी, जन्माची खोड. समोर बसून एकेक शब्द सांगितला.
वही मिटली नि म्हणाले, "बेरिंगले कसाले शिव्या देस? बस पकडाले तू घाई करस."
खरंच की. चढवताना भीत भीत नॉब फिरवते, शनिवारी उतरवताना डोळा घड्याळावर. भरकन खाली आणलं की शाफ्टला उसळायला वेळच मिळत नाही, तोवर आकडा घसरलेला. एवढं शिकून अक्कल गहाण ठेवली होती.

शुक्र., १६ जाने.
आबांनाच घेऊन आले, माझ्या मेहरूणच्या खोलीवर. पिशवीत दोन सदरे आणि रुमालात गुंडाळलेला तो स्क्रू-ड्रायव्हर.

शनि., १७ जाने., लॅब
आबांनी टोक बेरिंगवर ठेवलं, मूठ कानामागे टेकवली, डोळे मिटले. मी कानाशी वाकून एकेक शब्द सावकाश विचारला, "येतं ऐकू?"
"कानमा नही. हाडमा येस."
किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते फिटरचं हसू.
उतरतानाची पहिली खेप ३५९५. दुसरी ३६०५. दोन्ही वेळा उसळीची खूण म्हणून त्यांचं बोट आधी वर, थरथर दाखवणारा काटा मागून. जुळतंय. तिसरीही जुळली तर प्रकरण राहील. नेमका तेव्हाच माझा हात शिवशिवला. आबांनी डोळे न उघडता माझं मनगट धरलं.
"घाई करू नको, माय. आज तुले बस पकडनी नही."
पाच वाजून गेलेत. कानाच्या मशीनचं घरी गेल्यावर विचारायचं, असंच, समोर बसून. एक हात नॉबवर ठेवून हे लिहितेय. ३६५०. बोट अजून खालीच आहे.